बहिणीचं पहिलं बाळंतपण: पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), मेडिकल कॉलेज की प्रायव्हेट? सल्ला द्या

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी. बहीण सातव्या महिन्यात माहेरी आली, पहिली वेळ आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पीएचसी ७ किमी, तालुका २२, आन यवतमाळ त्याच्याही पुढं. सासरच्या आशाताईनं तिसऱ्या महिन्यातच नाव नोंदवलं, कार्ड बहिणीपाशी आहे, टीडीची (धनुर्वाताची) दोन्ही इंजेक्शनं झाली. पण मागच्या तपासणीत एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ८.४ निघालं तवापासून आई घाबरून आहे. नाव कुठं टाकावं? कापूस अजून घरात यायचा आहे, १५ हजारांच्या वर जमत नाही, ते धरूनच सांगा.

बुलढाणेकर:
प्रायव्हेटच करा भाऊ, पैशाकडं पाहू नका. आमच्या मिसेसचं सिझर ४८ हजारात झालं, सेपरेट रूम, गरम पाणी, डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन विचारपूस करायचे. लेकरू आता अडीच वर्षांचं आहे, एकदम टणटणीत.

मायबाई_वर्धा:
१५ हजार म्हणते तो, तुम्ही ४८ चं सांगता. सेवाग्रामला न्या. माह्या दोन्ही जचक्या तिथंच झाल्या, गर्दी असते पण पाहणारे डॉक्टर हुशार.

पऱ्हाटीवाला:
ताई, सेवाग्राम आमच्याहून लय दूर पडते, रात्री कळा आल्या तर काय करू?

उपकेंद्रवाली:
मी एएनएम (उपकेंद्रातली नर्स) आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ८.४ म्हणजे मध्यम ॲनिमिया (रक्त कमी), अशी बाई आम्ही जोखमीची म्हणून वेगळी लिहितो. डिलिव्हरी पीएचसीत धरू नका, जिथं रक्ताची सोय आहे आणि सिझर होतं तिथंच धरा. अजून वेळ आहे, आयर्नचं सलाईन लावून एचबी वर येतं, ते सरकारीत फुकट आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते, त्या दिवशी न्या, डॉक्टर भेटतात. आणि सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली का ते कार्डावर बघा. आपल्या विदर्भात हे पाहिल्याशिवाय नुसत्या आयर्नच्या गोळ्या वाढवत बसू नये. निघाला तर तिच्या मिस्टरांचीही करा.

वऱ्हाडी_काका:
आमच्या मायच्या आठही जचक्या घरी झाल्या, सुईण होती गावात. आता उगाच एचबी एचबी करून लोकाले भेव दाखवतेत.

उपकेंद्रवाली:
काका, त्या काळी किती बाया जचकीत रक्त जाऊन गेल्या तेही घरात विचारून पाहा. रक्त कमी असलेल्या बाईला थोडाही रक्तस्राव झेपत नाही.

दिग्रसचा_पोट्टा:
गाडीसाठी १०८ लावा, लगेच येते.

मायबाई_वर्धा:
१०८ इमर्जन्सीची आहे. बाळंतिणीले १०२, न्याले बी आन घरी सोडाले बी.

दिग्रसचा_पोट्टा:
आमच्याकडं १०८ च आली होती ताई, उगाच सांगू नका.

उपकेंद्रवाली:
दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा. पण गावातल्या एका गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, रात्री नेटवर्क जातं.

वऱ्हाडी_काका:
आन अंगणवाडीत पाकिटं भेटतेत ती कोणी खात नाई. आमच्या इकडं म्हशीले घालतेत. त्यापेक्षा शेंगदाणे द्या, फुटाणे द्या, बाई खाईन तरी.

कारंजाकरीण:
कोणी पैशाचं बोललंच नाही. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा योजनेत सगळं फुकट आहे, औषधं, रक्त, सिझर, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण. वरून मातृवंदना योजनेचे पहिल्या लेकराला ५००० भेटतात, ३००० आधी, २००० बाळाची १४ आठवड्यांपर्यंतची लसीकरणं झाल्यावर. बहिणीचं खातं आधारला जोडलेलं पाहिजे, माझ्या जावेचे पैसे तेवढ्यासाठी वर्षभर अडकले होते.

बुलढाणेकर:
५००० नी काय होते, प्रायव्हेटच करा.

अमरावतीकर:
डफरीनला (अमरावतीचं सरकारी स्त्री रुग्णालय) आणा, आमच्या पूर्ण खानदानाचं तिथंच झालं.

पऱ्हाटीवाला:
सिस्टर, तुम्ही गोळ्यांचं लिहिलं म्हणून आईनं काल तिची पिशवी पाहिली. लाल गोळ्यांच्या पट्ट्या तशाच्या तशा, एकही फोडलेली नाही. म्हणे मळमळ होते आन शी काळी होते. सिकलसेल मात्र निगेटिव्ह आहे, कार्डावर लिहिलेलं आहे.

उपकेंद्रवाली:
काळी होतेच, घाबरायचं कारण नाही. रात्री जेवण झाल्यावर घेऊ द्या, वरून लिंबू पिळलेलं पाणी. चहासोबत बिलकुल नाही, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. घरातल्यांनी समोर उभं राहून खाऊ घाला.

मायबाई_वर्धा:
मी पण हेच सांगणार होती, चहा बंद करा. आन सेवाग्रामचा विचार करा.

पऱ्हाटीवाला:
सगळ्यांचे आभार. निर्णय बहिणीनंच घेतला. ती सासरी वापस जाते, आईले सोबत घेऊन. तिथून उपजिल्हा रुग्णालय ६ किमी आहे, रक्ताची सोय आहे, सिझर होते, आन तिची आशाताई पहिल्यापासून सोबत आहे, बहीण आशाताईचाच फोन उचलते. पहिलं बाळंतपण माहेरातच पाहिजे म्हणून काकू लय बोलल्या, पण बहीण ऐकत नाही आन मलेही तिचंच पटते. ९ तारखेले तिकडच्या तपासणीत सलाईनचं विचारतो.

कारंजाकरीण:
चांगलं केलं. बँकेत त्याच्या आधीच जाऊन या, तिच्या आधारवर लग्नाआधीचं नाव आहे का ते पण बघा.

बुलढाणेकर:
तरी एकदा प्रायव्हेटमध्ये दाखवून घ्या.