‘करिअर ग्रोथ’ : पदोन्नती, बढती की कारकीर्द?

प्रश्न : सोलापुरातील एका संस्थेसाठी, आंतरराष्ट्रीय विकासक्षेत्रातील स्त्रियांचे नेतृत्व आणि ‘करिअर ग्रोथ’ या विषयावरची पुस्तिका मराठीत करीत आहे. सध्या ‘पदोन्नती’ लिहिले आहे, पण ते खटकते. ‘कारकीर्द’ चालेल का? आणि ‘लीडर’ला नेता म्हणावे की पुढारी?

प्रतिसाद : खटकते ते योग्यच आहे. पदोन्नती हा कचेरीतला शब्द आहे. सेवाज्येष्ठतेची यादी लागते, आदेश निघतो आणि पदोन्नती ‘होते’. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात मात्र पी-३ श्रेणीवरून पी-४ वर जायचे तर सहसा रिक्त पदाची जाहिरात निघते आणि आत नोकरी करणाऱ्या बाईलाही बाहेरच्या उमेदवारांच्या बरोबरीने अर्ज करून, मुलाखत देऊन ते पद मिळवावे लागते. अनेकदा त्यासाठी देशही बदलावा लागतो, आणि घर, मुलांची शाळा, नवऱ्याची नोकरी हे सारे आड येते ते नेमके तिथे. त्यामुळे ‘बढती मिळणे’सुद्धा इथे अपुरे पडते. ‘वरच्या पदावर जाणे’ असे सरळ लिहावे.

‘कारकीर्द’ हा फारसीतून आलेला शब्द, मुळात अंमल चालवण्याच्या काळासाठीचा. म्हणून तो पदावरच्या व्यक्तीला शोभतो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पहिल्या महिला प्रमुख हेलन क्लार्क यांची २००९ ते २०१७ ही कारकीर्द, असे बिनदिक्कत लिहिता येते. ‘कारकिर्दीची सुरुवात’ वृत्तपत्रांनी रूढ केली आहे खरी, तरी नुकत्याच रुजू झालेल्या मुलीच्या संदर्भात हा शब्द मला सत्कार समारंभातला वाटतो. तिच्यासाठी ‘करिअर’च ठेवावे.

दुसरा प्रतिसाद : वरील मताशी सहमत, पण पुस्तिकेत नेतृत्व म्हणजे केवळ वरचे पद असा समज होऊ नये. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी केली आणि १९७९ मध्ये स्त्रियांना वित्तसेवा मिळवून देणाऱ्या ‘विमेन्स वर्ल्ड बँकिंग’च्या स्थापनेत त्या होत्या, या वाटचालीला बढती म्हणता येत नाही. ‘सेवा’च्या सभासदांत विडी कामगार स्त्रियाही आहेत, त्यामुळे विडी कामगारांच्या सोलापुरात हे उदाहरण सहज पोचेल.

‘पुढारी’ टाळावा. मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना बायका ‘आली मोठी पुढारीण’ म्हणतात, तेव्हा त्यात कौतुक नसते. मजुरी कापली म्हणून मालकाकडे जायचे असले, की त्याच बायका ‘पुढं कोण होणार?’ असे विचारतात. ‘नेतृत्व’ कठीण वाटेल ही भीती मात्र नको. सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते आणि तेलुगूत याच अर्थाचा, असाच संस्कृत वळणाचा ‘नायकत्वम्’ हा शब्द रोजच्या वापरात आहे. शीर्षकात ‘नेतृत्व’ ठेवावे, आतील मजकुरात ‘पुढाकार घेणे’ आणि ‘पुढे होणे’ ही क्रियापदे वापरावीत, आणि ‘अध्यक्षा’, ‘संचालिका’ यांऐवजी सर्वत्र ‘अध्यक्ष’, ‘संचालक’ असेच लिहावे.