फुकटचे स्लॉट गेम आणि अ‍ॅफिलिएट कमाई: करण्यासारखं आहे का?

विश्रामबाग_सांगली (धागाकर्ता)
मंडळी, मोबाईल गेमची ओळख, रिव्ह्यू असला मजकूर असलेली माझी एक साईट आहे. जाहिरातींतून होस्टिंगचा खर्च सुटतो, एवढंच. आता एका अ‍ॅफिलिएट नेटवर्कनं (अ‍ॅपवाले आणि साईटवाले यांच्यातला दलाल) सोशल स्लॉटच्या ऑफर दाखवल्यात. कॅसिनोतल्यासारखी फिरणारी चक्रं, पण खेळायचं फुकटच्या कॉइनवर. जिंकलेले कॉइन बँकेत येत नाहीत. संपले तर उद्याच्या बोनसची वाट बघा, नाहीतर विकत घ्या. माझ्या लिंकवरून कुणी अ‍ॅप उतरवलं की मला ठरलेली रक्कम.

माझं मत, हे बरं आहे. वाचकाचा खिसा न कापता पैसे मिळतात. पैसे लावून खेळायच्या गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, पण त्यात सोशल गेम वेगळे ठेवलेत. विरोध असेल तर कारणासकट सांगा, नुसतं ‘जुगार वाईट’ नको.

हळद_पेठ
कारणासकट सांगतो. ऑफर कुठल्या देशांसाठी आहे ते बघितलंस का? अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया. चांगला भाव तिथल्या इन्स्टॉलला. इकडचा क्लिक एकतर धरत नाहीत, नाहीतर किरकोळीत काढतात, कारण कॉइन विकत घेणारं गिऱ्हाईक तिकडं. तासगावचा बेदाणा परदेशात खपतो भावा, तासगावचा क्लिक नाही खपत.

दुसरं, अटी नीट वाच. बऱ्याच ऑफरमध्ये नुसतं अ‍ॅप उतरवून भागत नाही. ठरलेल्या दिवसांत अमुक लेव्हल गाठली किंवा पहिली खरेदी केली तरच तुझं कमिशन पक्कं होतं. ‘फुकट’ वाचून आलेला माणूस दोन दिवस चक्रं फिरवतो आणि अ‍ॅप उडवतो. डॅशबोर्डवर क्लिक भरपूर, मंजूर रक्कम शून्य.

विश्रामबाग_सांगली
साईटचा इंग्रजी भाग पण आहे, आणि त्याला बाहेरचे वाचक येतात. शिवाय नुसत्या इन्स्टॉलवर पैसे देणाऱ्या ऑफर आहेत. भाव कमी, पण भानगड नाही.

शनिवार_पेठ_सातारा
भानगड कुठं असते ते सांगते. आमचे मामा रिटायर्ड आहेत. आयुष्यात मटक्याचा आकडा लावला नाही, पत्त्यात पैसे लावले नाहीत. त्यांच्या मोबाईलवर असला एक गेम आहे. मी शेजारी बसून बघितलाय. सुरुवातीलाच लाखो कॉइन देतात, त्यामुळं माणूस हात सैल सोडतो. लेव्हल वाढली की कमीत कमी लावायचा आकडाही वाढतो, म्हणजे तेच लाखो कॉइन आता चहा संपायच्या आत संपतात. पाच चक्रांपैकी चार जुळतात आणि पाचवं एका घरानं घसरतं, दर थोड्या वेळानं. कॉइन संपले की त्याच क्षणी पॅकची पाटी येते: जुनी किंमत खोडलेली, नवी किंमत मोठ्या अक्षरात, खाली उलटं चालणारं घड्याळ. यूपीआय आधीच जोडलेलं. मामी विचारतात, “जिंकलात तर मिळतं काय?” मामा म्हणतात, “अजून कॉइन.”

आणि हे फक्त आमच्या घरचं रडगाणं नाही. अमेरिकेत ‘बिग फिश कॅसिनो’ या असल्याच गेमवर खटला झाला होता. २०१८ मध्ये तिथल्या नवव्या सर्किट अपील कोर्टानं (केंद्रीय अपील कोर्टांपैकी एक) म्हटलं की वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार या आभासी चिप्स मोलाची वस्तूच आहेत, कारण त्यांच्याशिवाय पुढं खेळता येत नाही. पुढं २०२० मध्ये १५.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२४ पासून नव्यानं वर्गीकरण होणाऱ्या जुगारासारख्या गेमना १८ वर्षांवरचं बंधन आहे. ‘पैसे परत मिळत नाहीत म्हणून जुगार नाही’ हे वाक्य कंपनीला सोयीचं आहे. माझ्या मामांच्या दृष्टीनं तर जास्तच वाईट, मटक्यात निदान कधीतरी लागतो.

बहुतेक लोक एक पैसा देत नाहीत, सगळा गल्ला थोड्या लोकांकडून येतो, हे त्या धंद्यात उघड गुपित आहे. तुमचं कमिशन त्याच गल्ल्यातून निघणार.

कराडकर
ताई, मामांचं वाईट वाटलं, पण निकाल सांगायचे तर दोन्ही सांगा. २०१७ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील कोर्टानं ‘गेम ऑफ वॉर’ या मोबाईल गेममधल्या कॅसिनोबाबत नेमकं उलट म्हटलं होतं: आभासी सोनं रोखीत बदलत नाही, मग नुकसान कसलं? तो खटला मेरीलँडच्या कायद्याखालचा. राज्य बदललं की निकाल बदलला.

मोठ्या माणसानं स्वतःच्या पैशानं करमणूक करायची की नाही हे गेमची ओळख लिहिणाऱ्यानं ठरवायचं का? उद्या क्रिकेट गेममधले पॅकही बंद करा म्हणाल.

राजवाडा_चौपाटी
+१ कराडकर. आणि शनिवार पेठ, त्या मोबाईलवरचं यूपीआय काढून टाका आधी.

शनिवार_पेठ_सातारा
काढलं. दुसऱ्या दिवशी नातवाकडून परत जोडून घेतलं.

मिरज_जंक्शन
नैतिक वाद चालू द्या, मी कायद्याचं बोलतो. धागाकर्त्याला खरा धोका शेजारच्या ऑफरचा आहे. ‘सोशल कॅसिनो’ याच नावाखाली नेटवर्कवाले स्वीपस्टेक्स साईटही ठेवतात. तिथं कॉइन दोन प्रकारचे: एक नुसते खेळायचे, दुसरे बक्षिसात किंवा रोखीत बदलून मिळणारे. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२६ पासून असल्या साईट बंद केल्या. आपल्याकडच्या नव्या कायद्याची व्याख्या वाचली तर दुसऱ्या प्रकारचे कॉइन थेट मनी गेममध्ये, म्हणजे बंदी असलेल्या पैशाच्या गेममध्ये, बसतात असं माझं वाचन आहे. आणि मनी गेमच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘लिंक नेटवर्कनं दिली’ म्हणून कुणी सोडणार नाही.

त्यात काही लिंक फिरत्या असतात. आज क्लिक केला तर फुकटचा गेम, महिन्याभरानं तीच लिंक भलतीकडं नेते. दर आठवड्याला स्वतः उघडून बघायची तयारी आहे का?

विश्रामबाग_सांगली
हा मुद्दा कामाचा. स्वीपस्टेक्स नको, फिरती लिंक नको, फक्त इन्स्टॉलवाल्या ऑफर. पानावर वर ठळक अक्षरात ‘१८ वर्षांवरील’ आणि मला कमिशन मिळतं हेही लिहीन. पण ऑफर घेणारच नाही असं नाही म्हणत.

शनिवार_पेठ_सातारा
मग ‘कॉइन विकत घेऊ नका’ हेही त्याच ठळक अक्षरात लिहाल?

विश्रामबाग_सांगली
लिहायला माझी ना नाही. नेटवर्कला चालेल का हा प्रश्न.

हळद_पेठ
त्यांच्या मॅनेजरला मेल टाकून विचार. आणि काय उत्तर येतं ते इथं चिकटव, म्हणजे कराडकरांशी पुढचं भांडता येईल.