ग्लूटेन-फ्री खाणं आणि प्रवास: तुमचे अनुभव येऊ द्या

दाणापाणी:
काल भाचीचा मेसेज आला. सिलिअ‍ॅक निघालंय (गहू, बार्ली, राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन खाल्लं की आतड्याला इजा होते तो आजार), पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकटी परदेशी चाललीये, मावशी बॅगेत काय टाकू? मला एकदम ते विमान आठवलं. ग्लूटेन-फ्री जेवण आधीच सांगून ठेवलेलं, सगळ्यांच्या आधी माझा ट्रे आला, वर 'जीएफएमएल' (म्हणजे ग्लूटेन-फ्री मील) स्टिकर, आत भात, उकडलेल्या भाज्या, आणि कोपऱ्यात सगळ्यांना देतात तोच गरमागरम गव्हाचा पाव! विचारलं तर म्हणे नको असेल तर बाजूला ठेवा ना. तुमचेही किस्से लिहा, पोरीला वाचायला देते.

रानपाखरू:
तिकीट किंवा विमान बदललं की ती नोंद बरेचदा गळते, चेक-इनला परत विचारायचंच. बऱ्याच कंपन्यांना २४ ते ४८ तास आधी सांगावं लागतं. तरीपण एका वेळचं पोटभर स्वतःचं जवळ हवं, विमान रखडलं की कोणी विचारत नाही. पीनट बटर मात्र हातातल्या बॅगेत नको, सिक्युरिटीवाले त्याला द्रव धरतात, डबा १०० मिलीच्या वर असेल तर बऱ्याच विमानतळांवर गेला. माझा सीलबंद डबा डोळ्यांदेखत कचऱ्यात 😭

उशीरलतीफ:
पीनट बटर द्रव?? मग आमच्या साहेबांच्या मेंदूला विमानात बिनधास्त सोडतील, १०० मिलीच्या आतच असेल 😂

पोटोबा:
बायकोला सिलिअ‍ॅक आहे, मी नुसता हमाल आणि प्रश्न विचारणारा. 'ग्लूटेन-फ्री आहे का' असं विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून मी कसं बनवता ते विचारतो. फ्राईज मागवल्या, बटाटाच तो, पण काउंटरवरून आत दिसत होतं, पोराने ब्रेडक्रम्ब लावलेलं चिकन काढलं, जाळी दोनदा झटकली आणि त्याच तेलात आमचा बटाटा सोडला, वर काळे कण तरंगतायत. सोया सॉसमध्ये गहू असतो हेही कित्येक वेटरना माहीत नसतं, कॉर्नफ्लेक्सला बार्लीचं माल्ट असतं ते वेगळंच. आता फोनवर त्या त्या भाषेत कार्ड ठेवलंय: गहू, बार्ली, राय चालत नाही, वेगळं भांडं, वेगळं तेल, स्वच्छ चमचा. कार्ड थेट आत आचाऱ्याकडे पाठवायचं.

नुसतीवाचक:
मी पण सोडलंय गहू, वजनासाठी. प्रवासात एखादा केक चालतो की, एवढं काय.

दाणापाणी:
अगं तुला चालतो, हिला नाही चालत. एका चुऱ्यानेही आतड्याला इजा होऊ शकते, पोट दुखो वा न दुखो. ग्लूटेन-फ्री लिहायची मर्यादाच किलोला २० मिलिग्रॅम आहे बहुतेक देशांत, म्हणजे बघ.

रानपाखरू:
+१. आणि नुसतीवाचक, कधी रक्ततपासणी करायची झाली तर डॉक्टरांना आधी सांग गहू बंद आहे म्हणून. बंद असला की रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

नुसतीवाचक:
अरे बापरे, हे माहीतच नव्हतं. थँक्स ताई.

चाकावरची:
गडबडीत लिहितेय, कुकर लावलाय. इटलीला जा म्हणावं!! पास्त्याचा देश म्हणून मी घाबरले होते पण तिथे सिलिअ‍ॅकवाल्यांच्या संघटनेची हॉटेलांची यादीच आहे, औषधाच्या दुकानात ग्लूटेन-फ्री बिस्किटं मिळतात. युरोपियन युनियनमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून सुट्या पदार्थांचीही अ‍ॅलर्जीची माहिती देणं सक्तीचं आहे, १४ गोष्टींची यादी, गहू-बार्ली त्यात आलेच. ऑस्ट्रेलियात तर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर तपासणीत ग्लूटेन सापडताच कामा नये. तिथे उतरताना बॅगेतलं खाणं मात्र फॉर्मवर लिहायचं, सीलबंद असलं तरी. लपवलं तर दंड.

पोटोबा:
टोस्टर राहिला. हॉटेलच्या नाश्त्याला सगळ्यांचा एकच टोस्टर, आत चुरा. टोस्टरमध्ये घालायच्या पिशव्या मिळतात, ब्रेड त्यात घालून भाजायचा. आणि सॅनिटायझरने ग्लूटेन जात नाही, साबण-पाण्यानेच हात धुवायचे.

उशीरलतीफ:
पिशवीत ब्रेड भाजायचा? जळत नाही पिशवी?

पोटोबा:
नाही हो, उष्णता सहन करणारी असते, धुवून परत वापरता येते. बायको एक पर्समध्येच ठेवते, चाव्यांबरोबर.

चाकावरची:
आमच्याकडे पर्समध्ये चाव्या सोडून सगळं सापडतं.

रानपाखरू:
हॉस्टेलात राहणार असेल तर तिथली लाकडी पळी आणि पास्त्याची चाळण वापरू नको म्हणावं, भोकांत पीठ अडकलेलं असतं. छोटं पातेलं न्यायचं. ग्रुपबरोबर असताना सगळे जेवतात आणि आपण केळं सोलत बसतो, त्याचा कंटाळा येतो हे खरंच आहे. मी आधी खाऊन जाते आणि कॉफी घेऊन गप्पा मारते.

दाणापाणी:
पातेल्याचं बरं सांगितलंस. भाची विचारतेय दोघींची मिळून एक सूटकेस चालेल का, मैत्रीण २ हेअर ड्रायर नेतेय.

उशीरलतीफ:
दोन?? एक ओल्या केसांना आणि एक पातेलं वाळवायला का