हॉविकचं स्मारक: तुम्हाला चेहरा कुठून दिसला?

डर्बनहून जोहान्सबर्गकडे जाताना एन-३ महामार्ग सोडून जुन्या आर-१०३ ला लागलं, की हॉविकजवळ रस्त्याकडेला नेल्सन मंडेलांचं स्मारक लागतं. ५ ऑगस्ट १९६२ ला पोलिसांनी त्यांची गाडी तिथेच अडवली होती. आपल्यातले बरेच जण जाऊन आलेत आणि प्रत्येकाकडून काहीतरी वेगळंच ऐकायला मिळतं, म्हणून हा धागा. माझं आधी सांगून टाकतो. पहिल्या खेपेला मी घाईत बाजूनेच गेलो, 'हे काय खांब रोवलेत' म्हणालो आणि परत फिरलो. फोटोतही खांबच आलेत.

*

हसले मी, कारण माझंही तेच! पोलादाचे ५० खांब, साडेसहा ते साडेनऊ मीटर उंच, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या. अटकेला ५० वर्षं झाली तेव्हा, २०१२ मध्ये, मार्को चियानफानेली यांनी केलेलं शिल्प. हे सगळं वाचून गेले होते तरी पुढे धावत जवळून फोटो काढत बसले. बाबा गुडघ्यांमुळे मागे राहिलेले. तिथून त्यांची हाक आली, "अगं, इकडे ये. इथून बघ, आले!" साधारण पस्तीस मीटरवर एक जागा आहे, तिथे उभं राहिलं की सगळे खांब जुळून चेहरा होतो. दोन पावलं सरकलं की पुन्हा नुसतं लोखंड. मुलाने त्याचा खेळच केला. पुढे-मागे पळत ओरडत होता, "मंडेला चालू! मंडेला बंद!" मला आधी ओशाळल्यासारखं झालं, पण बाबा म्हणाले, "खेळू दे त्याला."

*

मी २०१२ च्या आधी गेलोय. तेव्हा होतं ते १९९६ चं, विटांचं छोटं स्मारक, बस्स. आमचा ड्रायव्हर तर थांबायलाच तयार नव्हता, "बघण्यासारखं काही नाही" म्हणे. खरंच नव्हतं. गवत, कुंपण, सरळ रस्ता. पण मला तेच जास्त लागलं. मंडेला त्यांचे गोरे सहकारी, नाट्यदिग्दर्शक सेसिल विल्यम्स यांचे ड्रायव्हर म्हणून वावरत होते. नाव विचारल्यावर 'डेव्हिड मोत्सामायी' सांगितलं. पोलिसाने ते मानलं नाही. त्यानंतर थेट १९९० पर्यंत तुरुंग.

*

आम्ही त्याच दिवशी पीटरमॅरिट्झबर्गचं स्टेशनही केलं, जिथे ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं. अंतर फार नाही, त्यामुळे सहलवाले दोन्ही एकत्रच दाखवतात. पण दोघांना एकाच माळेत ओवायची आपली सवय मला पटत नाही. अटक झाली तेव्हा मंडेला परदेशात लष्करी प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुलींना भेटून परतत होते. सशस्त्र लढ्याचा मार्ग त्यांनी विचारपूर्वक धरला होता. आमच्या गटात हे निघालं आणि गाडीत तासभर वाद. जेवतानाही तोच.

*

जरा विषयांतर. असंच, पण खरोखर आडबाजूला असलेलं एक स्मारक म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलंच म्बुझिनी. मोझांबिक आणि स्वाझीलँडच्या (आताच्या एस्वातिनीच्या) सीमेजवळच्या टेकड्यांत १९ ऑक्टोबर १९८६ ला मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचं विमान कोसळलं. अपघात की घातपात, हा वाद अजून मिटलेला नाही. ३५ माणसं गेली, म्हणून ३५ पोलादी नळ्या. त्यांना चिरा आहेत, वारा शिरला की त्या कण्हतात. आम्ही सोडून तिथे कुणी नव्हतं. बायको म्हणाली, "चल, निघू." मीही लगेच गाडीकडे वळलो.

*

माझा अनुभव एवढासाच. हॉविकला पोचलो तेव्हा दाट धुकं. पस्तीस मीटर सोडा, दहा पावलांवरचं दिसेना. तासभर थांबलो. मग चाचपडत पुढे गेलो आणि एका खांबाला हात लावून आलो. गार होता, ओला. फोटो नाही.