पंच म्हणून कोर्टाचं समन्स आलंय, मदत हवी आहे

मंडळी, 2019 ला गल्लीतली मोटरसायकल चोरीला गेली तेव्हा पोलिसांनी मला पंच केलं, पंचनाम्यावर सही घेतली आणि विषय संपला असं वाटलं, तर आता हवालदार घरी येऊन समन्स देऊन गेला, जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात साक्षीला या म्हणे. सही माझीच आहे पण आत काय लिहिलंय ते आता कुठे आठवतंय! सरकारी वकील आधी पंचनामा वाचायला देतात का? ‘आठवत नाही’ म्हटलं तर लगेच फितूर ठरवतात का? उलटतपासणीत आरोपीचा वकील जाम फिरवून विचारतो असं ऐकलंय. आई म्हणते जाऊच नकोस, पण गेलो नाही तर वॉरंट निघतं ना? आणि नुसती पुढची तारीख पडली तरी भत्ता मिळतो का, रजा बिनपगारी आहे हो. कुणी पंच म्हणून जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.