मदत हवी आहे: नॉर्वेत वर्षभर मुक्काम, शाळेच्या चार सुट्ट्या. मुलीला घेऊन डोंगरात कधी, कुठे?

मुक्काम_ओस्लो
नवऱ्याच्या कामामुळे वर्षभर ओस्लोत आहोत. मुलगी 9 वर्षांची. तिच्या सुट्ट्या: फेब्रुवारीत आठवा आठवडा, मग ईस्टर, जूनअखेर ते ऑगस्टचा मध्य, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला चाळिसावा आठवडा. सह्याद्रीत चालायची सवय आहे, बर्फाची अजिबात नाही. गाडी नाही, शुद्ध शाकाहारी आहोत. डोक्यातली यादी अशी: फेब्रुवारीत स्की, ईस्टरला प्रेइकेस्टोलनचा कडा, जूनअखेर बेसेगेनची डोंगरधार, जुलैत ट्रोलतुंगाचा दरीवर झेपावणारा खडक, ऑक्टोबरात तंबू. यात काय बदलावं? आणि थंडीचे कपडे भारतातून मागवले तर चालतील का?

फियोर्डवारी
ठिकाणं छान निवडलीत, महिने मात्र इकडचे तिकडे झालेत. इथे कॅलेंडर बघून नाही, बर्फ बघून बेत करायचा.

ईस्टर म्हणजे वसंत असं आपल्याला वाटतं. डोंगरावर तो ऐन स्कीचा मोसम असतो. प्रेइकेस्टोलन 604 मीटरवर, जाऊन-येऊन 8 किमी, एरवी साधारण चार तास. वाटेतल्या दगडी पायऱ्या नेपाळच्या शेर्पांनी बांधल्या आहेत, फार सुरेख काम. पण ईस्टरला त्याच पायऱ्यांवर कडक बर्फ धरलेला असू शकतो आणि वर कड्याला कठडा नाही. ही सहल ऑगस्टवर टाका.

बेसेगेन जूनअखेरही भरवशाचं नाही, धारेवर बर्फ उरलेला असतो. जुलैचा दुसरा आठवडा उजाडू द्या. येंदे तळ्याकाठच्या येंदेसहेमहून सकाळची बोट पकडून मेमुरुबूला उतरायचं आणि चालत परत यायचं: 14 किमी, 6 ते 8 तास, सर्वोच्च बिंदू 1743 मीटर. याच दिशेने दोन फायदे आहेत. अरुंद धार चढताना लागते, आणि संध्याकाळची बोट चुकेल म्हणून पळापळ होत नाही. धारेवर हात लावून चढावं लागतं, म्हणून काठ्या सॅकला बांधून टाका. एका बाजूला खाली हिरवं येंदे, दुसऱ्या बाजूला जवळपास 400 मीटर उंचावर निळं बेसवात्नेत तळं. हिमनदीने दळलेल्या दगडाची पूड पाण्यात तरंगते, म्हणून येंदे हिरवं. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर त्या दिवशी नकोच, यर.नो वर तासातासाचा वारा दिसतो.

ट्रोलतुंगा या वर्षी काढून टाका. स्कयेगेडालपासून जाऊन-येऊन 27 किमी, 10 ते 12 तास. नऊ वर्षांच्या मुलीला कशाला?

त्याऐवजी रालारवेगेन, रेल्वे बांधणाऱ्या मजुरांची जुनी वाट, आता सायकलींची. फिन्से (1222 मीटर) ते हाउगास्तोल (988 मीटर) हा 27 किमीचा टप्पा बराचसा उताराचा आहे आणि दोन्ही टोकांना ओस्लो-बेर्गन रेल्वेचं स्टेशन. भाड्याची सायकल एका स्टेशनवर घेऊन दुसऱ्यावर सोडता येईल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. मध्य जुलैआधी वाटेत बर्फाचे ढीग असतात. फिन्सेहून उलट दिशेला, फ्लोम गावाकडचा उतार मोहात पाडतो, पण तिथे लागोपाठ वळणं आहेत आणि सतत दाबून ब्रेक तापतात. लहान मुलं बरोबर असतील तर तिथे उतरून चालायचं.

लोकरप्रेमी
भारतातून सुती थर्मल आणू नका, जीन्स तर नकोच. घाम सुतात मुरतो, थांबलं की तोच ओला कपडा अंगातली उष्णता ओढतो. अंगालगत मेरिनो लोकर, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. चालताना फ्लीस काढून सॅकमध्ये, थांबल्या क्षणी अंगात. थंडी वाजायची वाट बघायची नाही.

बूट घेताना लोकरीचा मोजा घालूनच माप बघा, बोटांपुढे सेंटिमीटरभर जागा हवी. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात. मुलीचं स्की, बूट, स्लेज विकत घेऊ नका; 'बुआ' नावाची केंद्रं आहेत, तिथे फुकट किंवा नाममात्र पैशात मिळतं. बाकी फिन.नो वर जुनं.

मेट्रोने_डोंगरात
फेब्रुवारीसाठी ओस्लो सोडायची गरजच नाही. पाच नंबरच्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन सोग्न्सवान. पहिले दोन दिवस तिथल्या सपाटीवर पडणं, उठणं आणि थांबणं, एवढंच शिका. तळाला फरपट्टी असलेली स्की मागा. मेणाच्या स्कीला हवामानाप्रमाणे मेण बदलावं लागतं. शून्याच्या आसपास ताजा बर्फ पडला की ती एकतर घसरते किंवा तळाला गोळे धरते, आणि नवखा माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

मुलीला स्लेजवर नक्की न्या. एक नंबरच्या मेट्रोने फ्रॉग्नरसेतेरेन, तिथून कॉर्केत्रेक्केरेन हा 2 किमीचा, 255 मीटर उताराचा मार्ग. खाली मित्स्तुएनला मेट्रो पकडून परत वर. हेल्मेट हवंच.

गोठलेल्या तळ्यावर उतरायला किमान 10 सेमी कडक, स्वच्छ बर्फ हवा. ओढा मिळतो तिथे आणि पुलाखाली तो पातळ असतो.

मुक्काम_ओस्लो
सगळ्यांचे खूप आभार, यादी बदलली! दोन शंका: डोंगरातल्या झोपड्यांत शाकाहारी काय मिळतं? आणि ऑक्टोबरातला तंबू?

मूगडाळ_तांदूळ
डीएनटी म्हणजे इथली गिर्यारोहकांची संघटना, तिच्या झोपड्या तीन प्रकारच्या: माणसं आणि जेवण असलेल्या, नुसता शिधा ठेवलेल्या, आणि काहीच नसलेल्या. दुसऱ्या प्रकारात पास्ता, ओट्स, क्रिस्पब्रेड मिळतं. सूपचं पाकीट मात्र वाचून घ्या, मांसाचा अर्क असू शकतो. शिवाय सदस्यांना मिळणारी किल्ली लागते, आणि झोपायला आपली चादरपिशवी.

घरून खिचडीचं सामान, मेतकूट, तूप न्या. डाळ मुगाचीच. हजार मीटरवर पाणी 96-97 अंशांना उकळतं, कुकरशिवाय तूरडाळ शिजेपर्यंत गॅस संपेल.

गॅसचा डबा विमानात चालत नाही, इथेच घ्या. नुसता ब्युटेन नको: शून्याच्या जरा खालीच त्याची वाफ होणं थांबतं, डबा भरलेला असून शेगडी फुरफुरते आणि विझते. प्रोपेन मिसळलेला हिवाळी डबा घ्या आणि रात्री झोपायच्या पिशवीत ठेवा.

फियोर्डवारी
तंबूचा नियम: राहत्या घरापासून किंवा झोपडीपासून 150 मीटर लांब, एका जागी दोन रात्री. जंगलात आणि जंगलाजवळ 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर शेकोटीला बंदी असते. ऑक्टोबरात चालते, पण दगडावर पेटवू नका, तापून तडकतो. रात्री शून्याखाली जातात, त्यामुळे झोपायच्या पिशवीवरचं 'कम्फर्ट' तापमान बघा, 'लिमिट' नाही. जाड चटई पिशवीइतकीच महत्त्वाची.

25 सप्टेंबरपासून एल्क या मोठ्या हरणाची शिकार सुरू होते, मुलीला भडक जॅकेट आणि टोपी घाला.

अळंबीवाला
त्याच दिवसांत जंगलात त्राक्तकांतारेल नावाची खायची अळंबी मिळतात. देठ पोकळ, खाली पात्यांऐवजी देठावर उतरणाऱ्या शिरा. तिथल्याच शेवाळात उगवणारं स्पिस गिफ्तस्लोर्सोप हे प्राणघातक अळंबं मूत्रपिंडं निकामी करतं. त्याला सुटी, नीट पाती असतात. सुरी सरसकट फिरवू नका, एकेक अळंबं उलटं करून बघा. ओस्लोजवळ रविवारी फुकट तपासणी केंद्रं असतात. टोपली तिथे दाखवल्याशिवाय कढईत काही पडता कामा नये.

मेट्रोने_डोंगरात
ईस्टरचं राहिलंच. फिन्सेला जा, पण रेल्वेची तिकिटं लवकर संपतात. फांद्या रोवून आखलेल्या वाटेवरच राहा, 30 अंशांहून तीव्र उताराखाली थांबू नका, आणि निघण्याआधी वारसोम.नो वर हिमस्खलनाचा इशारा बघा. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. बर्फावरून उलटं येणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही भाजतं. किराणा ईस्टरआधीच्या बुधवारीच भरा, गुरुवार-शुक्रवार दुकानं बंद.