नाण्यावर सेलोटेपचा चिकटा राहिलाय, नाणं न बिघडवता कसा काढायचा?

नाणेघर: एका जुन्या कलेक्शनमधली काही नाणी हातात आलीत, आधीच्या मालकाने ती कार्डावर चक्क सेलोटेपने चिकटवलेली. टेप निघाली पण चिकटा तसाच, पिवळट, त्यावर धूळ बसून काळपट झालाय. बहुतेक चांदीची आहेत आणि दोन-तीन तांब्याची. नखाने खरवडायची हिंमत होत नाहीये. घरात नेलपॉलिश रिमूव्हर आहे, तो चालेल का?

टकसाळ्या: नेलपॉलिश रिमूव्हर नको!! त्यात सुगंध, रंग, तेल असं काय काय असतं आणि ते सगळं नाण्यावर बसतं, काहींमध्ये तर ॲसिटोन, म्हणजे चिकटा विरघळवणारा द्रव, नसतोच. शुद्ध ॲसिटोन आणा. काचेच्या छोट्या वाटीत नाणं पूर्ण बुडेल इतका ओता, वर काचेचं झाकण ठेवा नाहीतर उडून जाईल. प्लॅस्टिकचं भांडं घेऊ नका, बरीच प्लॅस्टिकं त्यात विरघळतात. खिडक्या उघड्या आणि जवळपास गॅस, काडी, सिगरेट काहीही पेटतं नको, त्याची वाफ पटकन पेट घेते.

जुनंतेसोनं: एवढं कशाला, टूथपेस्ट लावून मऊ ब्रशने हलकं घासा की, दोन मिनिटांत चकाचक

टकसाळ्या: @जुनंतेसोनं चकाचक होतं तेच तर वांधे आहेत ना. टूथपेस्टमध्ये घासणारी पावडर असते, भिंगाखाली बघा, सगळीकडे बारीक ओरखडे दिसतील आणि मूळ लस्टर, म्हणजे टाकसाळीतून आलेली चमक, गेला की तो परत येत नाही. ग्रेडिंगवाले, म्हणजे नाण्याची प्रत ठरवणारे, अशा नाण्याला सरळ क्लीन्ड (घासून साफ केलेलं) म्हणून बाजूला काढतात. लिंबूबिंबूही नको, ॲसिड धातूच खातं. ॲसिटोन फक्त डिंकावर काम करतो, चांदीला हात लावत नाही, टोनिंगही, म्हणजे काळाने धातूवर चढलेला रंग, तसंच राहतं.

नाणेघर: ओके. मग किती वेळ ठेवू? आणि बाहेर काढून पुसायचं ना?

भिंगवाला: पुसायचं नाही, इथेच लोक घोळ घालतात. वाटीतला ॲसिटोन आता डिंक विरघळलेला असतो, नाणं तसंच काढून वाळू दिलंत तर ॲसिटोन उडतो आणि डिंकाचा पातळ थर सगळ्या नाण्यावर पसरून बसतो. म्हणून ओलं असतानाच दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये टाका, मग हवं तर तिसऱ्या. शेवटी मऊ सुती कापडावर ठेवून वरून नुसतं टिपायचं, कडेला धरून. वेळेचं म्हणाल तर ताजा चिकटा काही मिनिटांत सुटतो पण जुना पिवळा पडलेला पूर्ण विरघळत नाही, नुसता फुगतो, त्याला रात्रभर राहू द्या, ॲसिटोनमध्ये ठेवून नाण्याला काही होत नाही. तरी अक्षरांच्या खाचेत अडकला तर ॲसिटोनमध्ये भिजवलेली लाकडी टूथपिक अलगद टेकवा, ढकलायची, खरवडायचं नाही.
तांब्याची नाणी वेगळी भिजवा आणि पाण्याने धुतलीत तर डिस्टिल्ड पाणीच घ्या, ओल राहिली की तांब्यावर डाग पडतात. एक मात्र आहे, टेपखालचा भाग बाकीच्यापेक्षा उजळ निघू शकतो, हवा लागली नव्हती ना. तो पट्टा घालवायला जाऊ नका.

नाणेघर: यात एक रंगीत छापाचं स्मारक नाणंही आहे, त्यालाही हेच?

भिंगवाला: अजिबात नाही, रंग निघून येईल!! लॅकर (वॉर्निशसारखा थर) मारलेल्या नाण्यालाही नको. ते चिकट असलं तरी तसंच असू द्या.